लेकीच्या घरचं पाणी

११ सप्टेंबर ७६, तासगाव

पासपोर्ट आला एकदाचा. आक्का सकाळपासून हलायला देईना. थोरली बहीण, पण हुकूम कर्नलच्या वरचा. मधली खोली चुना मारून घेतली, बाज नव्यानं विणून घेतली, डिंक-हळीव आणून ठेवलं. आता मी फ्रान्सला जायचं आणि लेकीला, कुसुमला, घेऊन यायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच. मी म्हटलं, अगं आठवा लागत आला असंल, विमानात घेतील का नाही कोण जाणे. म्हणाली, "न घ्यायला काय झालं? तू सुभेदार हायस न्हवं? सांग त्यास्नी."

जावई पियर. तीन वर्षांमागं आमच्या भागातले द्राक्षमळे बघायला आला, आमच्याच माडीवर उतरला. द्राक्षं बघितली आणि पोरगी घेऊन गेला. माणूस वाईट नाही. लग्नात धोतर सावरत सगळे विधी केले. पण लेक लांब गेली ती गेलीच.

१४ सप्टें., सातारा

हणमंताकडं मुक्काम. माझ्याच पलटणीतला हवालदार. लोकरीचा कोट मागायला आलो होतो. कोट दिला, खिशात डांबरगोळ्या तशाच. चव्वेचाळीस साली दोघं इटलीत होतो, त्या गप्पा निघाल्या. मग म्हणाला, "आवं सुभेदार, पण लेकीच्या घरी तुमी जेवणार कसं?"

जेवणार नाही. आमच्या घरात चालत आलेलं आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. वडलांनी पाळलं, मीही पाळणार. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न. आक्कानं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि डबाभर बेदाणे दिलेत. दोघांची परतीची तिकिटं काढलीत, तारीख तिथं गेल्यावर घालायची.

हणमंत म्हणाला, "आन् ती यायला न्हाई म्हणाली तर?" असला प्रश्न कुणी विचारतं का.

२५ सप्टें., तूर

पोचलो. शहराचं नाव तूर. आक्काला सांगितलं तर म्हणंल, येताना डाळ घेऊन ये.

शहर लय जुनं. लाकडी चौकटींची घरं, त्यांचं मोठं देऊळ म्हणजे चर्च, मधून नदी. नदी रुंद पण पाणी कमी, वाळूची बेटं. कृष्णा आठवली. पियरचं घर शहराबाहेर, टेकडीला. सगळीकडं द्राक्षं. पण ही काय द्राक्षं? मांडव नाही, काही नाही, माझ्या कमरेइतकी झुडपं. घराच्या मागल्या दोन खोल्या डोंगरातच कोरलेल्या. जावयाचं घर आहे का लेणं, कळंना.

कुसुम (इथून पुढं कु.) दारात उभी होती. पोट चांगलंच पुढं आलेलं. पाया पडायला वाकली, मी दंडाला धरून थांबवली. इथल्या डॉक्टरच्या हिशेबानं आठवा संपत आलाय. पासपोर्टनं वेळ खाल्ला. म्हटलं, निघायचं कधी? म्हणाली, "बघू आबा."

बघू म्हणजे काय?

२६ सप्टें.

विहीणबाई (इथून पुढं वि.बा.) जाडजूड, लाल गालांची, विधवा. मळा तीच बघते. काल रात्री ताटं मांडली, मी हात जोडून बाजूला बसलो, माझी दशमी सोडली. सकाळी पण तेच. दुपारी तिनं जिवंत कोंबडी माझ्यापुढं आणून धरली. मला वाटलं भेट दिली. मी धरून बसलो. मग कु. हसत सुटली. वि.बा.ला वाटलं, मटण कसलं असंल असा मला संशय आहे, म्हणून कोंबडी दाखवून मग कापणार होती.

कु.ला खरं कारण सांगायला लावलं. तिनं सांगितलं. वि.बा. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. राग होता का काय होतं, समजलं नाही.

पाणी टेकडीखाली गावच्या देवळाजवळ सार्वजनिक नळ आहे, तिथून आणतो. बाटली घेऊन निघालो की म्हातारी माणसं टोपी काढतात. मीही पटक्याला हात लावतो.

२९ सप्टें.

पियरनं किल्ला दाखवायला नेलं. अरे, ह्याला किल्ला म्हणतात? नदीवरच बांधलाय, कमानींवर. खिडक्या इतक्या मोठ्या की घोडा आत येईल. मी विचारलं, तोफा कुठं? नाहीत. पाण्याची टाकी? नाही. दारूकोठार? ते पण नाही. राणीची झोपायची खोली आहे, दुसऱ्या राणीची आहे, बाग आहे. मग लढले कुठून? पियर म्हणाला, लढायला नव्हे, राहायला. अजिंक्यताऱ्यावर राहून दाखवा म्हणावं.

सुंदर आहे. ते नाकारत नाही.

बागेतल्या बाकावर दशमी काढली, तर बुरशी आलेली. टाकून दिली. कु. बघत होती. बेदाणे खाल्ले. तासगावचे बेदाणे फ्रान्सच्या द्राक्षमळ्यात बसून.

२ ऑक्टो.

आज बोलायचं ठरवूनच उठलो. कु. कपडे वाळत घालत होती. म्हटलं, विमानवाल्यांना विचारलंस का? डॉक्टरचा दाखला दिला तर अजून घेतील म्हणाली. मग घे की दाखला. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"आबा, मी येनार न्हाई." इथं पुण्यामुंबईसारखं बोलते, एकदम गावच्या बोलीवर आली.

का म्हणून विचारलं. म्हणाली, "आत्यानं कुठली खोली रंगवलीय?"

मधली.

"आई त्याच खोलीत गेली न्हवं?"

होय. गेली. दुसऱ्या खेपेला. सुईण होती, डॉक्टर सांगलीहून निघाला होता. कु. सहा वर्षांची, उंबऱ्याबाहेर उभी होती. मी पलटणीत होतो, तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं. आक्का चुना मारत होती आणि मी बाजेला सुंभ पुरवत होतो, तेव्हा माझ्या मनात हे आलंच नाही. कसं आलं नाही? आक्काच्याही आलं नसंल का? का आलं होतं, म्हणूनच पांढरीशुभ्र केली?

जेवलो नाही. तसंही काय होतं जेवायला.

३ ऑक्टो.

शहरात जाऊन स्वतः पाव आणला, लांबलचक. काखेत मारून आलो, बंदूक धरावी तसा. दुकानातला आहे, लेकीच्या घरचा नाही.

पण विचार करतोय. तिला तिकडं नेऊ का नको? न्यायची म्हटलं तर ती खोली. नको म्हटलं तर लोक म्हणतील, आई नाही म्हणून पोरीचं बाळंतपण केलं नाही. डोकं चालंना.

५ ऑक्टो.

द्राक्षतोड सुरू. तीसेक माणसं, बाया, कॉलेजची पोरं. सकाळी वि.बा.नं माझ्या हातात कात्री ठेवली, दुसऱ्या हातात बादली. आणि झुडपांकडं बोट. हुकूम म्हणजे हुकूम. ओळीला लागलो. वाकून वाकून कंबर गेली. आमच्याकडं मांडवाखाली मान वर करून तोडतात, इथं गुडघ्यात वाकून. द्राक्षं बारकी, सालीला जाड, पण गोड लय.

दुपारी लांब टेबल लागलं, सगळे मजूर बसले. वि.बा.नं मला हाताला धरून बाकावर बसवलं, ताट वाढलं. मी उठायला लागलो. तिनं कु.ला हाक मारली, काहीतरी भराभर बोलली. कु. म्हणाली, "आबा, त्या म्हणतात, हे लेकीच्या घरचं न्हाई. ही मजुरी हाय. मजुराला जेवू न घालता पाठवला तर मळ्याला बट्टा लागंल."

बसलो. जेवलो. कोंबडी होती, तीच बहुतेक. वाईन दिली, ती पण घेतली, पलटणीत रम मिळायची तशी. कु. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती.

हे चालतं का? वडलांना विचारायला हवं होतं. आक्काला लिहिणार नाही.

१६ ऑक्टो.

तोड अर्धी झाली. वि.बा. आणि मी एका ओळीत, ती डाव्या हाताला, मी उजव्या. तिला मराठी येत नाही, मला फ्रेंच. मी इटलीत शिकलेले चार शब्द टाकतो, ती मान हलवते. तिनं आज स्वतःच्या पोटाकडं बोट केलं, मग घराकडं, तीन बोटं वर, एक दुमडलं. तीन झाली, एक गेलं असं असावं. मी पण दोन बोटं वर करून एक दुमडलं. त्याच्याबरोबर अजून कोण गेलं ते कसं सांगायचं, मूल आणि बायको दोन्ही एकाच दिवशी. नाही सांगता आलं. तिला कळलं असावं.

२० ऑक्टो.

तिकिटांची मुदत आज संपली. दोन्ही तिकिटं पेटीत. कुणी विषय काढला नाही. मी पण नाही. दिवसभर बादल्या वाहिल्या.

२९ ऑक्टो.

तोड परवा संपली. म्हणजे मजुरी संपली, म्हणजे जेवण संपलं. तसं वि.बा.ला सांगितलं, कु.तर्फे. तर तिनं लाकडं फोडायला लावली. काल पिंपं धुतली. आज खुराडं साफ केलं. उद्याचं काम पण तिनं शोधून ठेवलंय म्हणे. ही बाई मला उपाशी मरू देणार नाही. पाणी मात्र अजून देवळाजवळच्या नळाचंच.

आक्काचं पत्र. "कवा येताय? बाज तशीच हाय."

कु. संध्याकाळी जवळ येऊन बसली. पाय सुजलेत. म्हणाली, "आबा, माहेर म्हंजे ती खोली न्हाई. तुमी हाय तितं माहेर." आणि माझ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणून नाक दाबलं. मी म्हटलं, मग आक्काला काय सांगू? म्हणाली, सांगा, माहेरीच झालं.

हे खोटं ठरंल का खरं? मला ठरवता येत नाही.

६ नोव्हें.

पहाटे कळा सुरू. पियर तिला गाडीतून शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. मला नेलं नाही, तिथं बाळंतिणीच्या बापाला थांबू देत नाहीत. जाताना कु.नं माझा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही, शेवटी पियरनं सोडवला. चेहरा आईसारखा दिसला. तो विचार झटकला.

आता दहा वाजत आलेत. फोन भिंतीवर आहे, वाजत नाही. वि.बा. समोर बसलीय, लोकर विणतेय, टाके चुकतात आणि उसवते. आज तिनं मला काम दिलं नाही. मी मागितलं, तर मान हलवली.

बाटली घेऊन नळाकडं निघालो होतो. दारातून परत आलो. फोन आला आणि मी तिथं असलो तर?

मग वि.बा. उठली. घरच्या नळाचं पाणी भरून ग्लास माझ्यापुढं ठेवला. दुसरा भरून स्वतःपुढं. तीही प्यायली नाही.

दोन ग्लास टेबलावर. घसा कोरडा पडलाय. फोन वाजला की पिणार.