डाव्या हाताची मेजवानी

१३ डिसेंबर
हात मोडला. उजवा. डाव्याने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! बाकी उद्या.

१४ डिसेंबर
चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर दव गोठलं होतं. रोज गिऱ्हाइकांना "जपून उतरा" सांगणारी मीच — सरळ आडवी. मनगट गेलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "सुट्ट्यांच्या जेवणापर्यंत निघेल ना?"
"बाई, दीड महिना!"

झालं. दर हिवाळ्याच्या सुट्टीत सगळ्या घराचं मोठं जेवण आमच्याकडे असतं. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलं नाही. यंदा चुकलं तर थोरल्या जाऊबाईंना आयतंच कोलीत मिळेल.

१५ डिसेंबर
मिळालं. सकाळीच जाऊबाईंचा फोन. "अगं, हात मोडला म्हणे! मी हॉटेलात टेबल सांगून ठेवते. तुलाही आराम."

आराम! यांचं स्वयंपाकघर पाहिलंय मी. पांढरं स्वच्छ, ऑपरेशन थिएटरसारखं. तिथे आजवर बहुतेक फक्त पाणीच उकळलंय. दरवर्षी येतात, दुकानातला भला मोठा केक टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि कौतुक गोळा करून जातात.

म्हटलं, "वहिनी, जेवण आमच्याकडेच. ठरलंय."
कुणी ठरवलं? कशाच्या जोरावर? फोन ठेवला आणि घाम फुटला.

१६ डिसेंबर
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "त्यात काय! मी करतो."

हा माणूस लिफ्टा दुरुस्त करतो. स्वयंपाकघरात येतो ते पाणी प्यायला. साखरेचा डबा कुठला ते अजून विचारतो. पण छाती काढून म्हणाला, "ओव्हन काय, मशीनच. तू खुर्चीत बसून सांग, मी करत जातो."

सासूबाई शालीतून म्हणाल्या, "मला मऊ काहीतरी ठेवा. दात चारच उरलेत, ते याच्यापायी घालवायचे नाहीत."

१८ डिसेंबर
पहिली तालीम. अख्खी कोंबडी भाजायला ठेवली. अर्ध्या तासाने विचित्र वास. नंतर धूर. कोंबडीच्या पोटात काळीज-बिळीज भरून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढलीच नव्हती!

"पोटात पिशवी असते हे तू सांगितलं नाहीस."
"पोटात हात घालून बघतात रे!"
"मला काय माहीत, मी तिला आज पहिल्यांदा भेटतोय."

खिडक्या सताड उघडल्या. सगळे कुडकुडत बसलो. सासूबाई कानटोपी घालून शांतपणे म्हणाल्या, "चव जाऊ दे. ऊब तरी आली असती, तीही बाहेर घालवली."
पाव आणि लोणी खाऊन झोपलो.

२० डिसेंबर
लेकीने जाहीर केलं, कालपासून ती प्राणी खात नाही. वय तेरा. आवाज संसदेतला.
"आणि सकाळचं आम्लेट?"
"ते अजून प्राणी झालं नव्हतं."
म्हणजे तिच्यासाठी वेगळं. सासूबाईंसाठी मऊ. माझ्यासाठी डाव्या हाताने खाता येईल असं. नवरा म्हणतो, प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट झालीय ही.

२२ डिसेंबर
सूप. नवरा चमचा घेऊन उभा. "मीठ किती?"
"अंदाजाने घाल."
"अंदाज म्हणजे किती? अंदाजाने लिफ्ट लावली तर माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लटकतात!"

मला सांगताच येईना. खरंच येईना. इतकी वर्षं हाताला ठाऊक होतं, डोक्याने कधी विचारलंच नाही. आणि हात आता गळ्यात लटकलेला. शेवटी त्याचा तळवा पुढे घेतला, डाव्या चिमटीने त्यावर मीठ ठेवलं. "एवढं." त्याने तळवा दिव्याखाली धरून निरखला. म्हणाला, "बापरे, हे रोज करतेस?"

सूप फर्मास झालं. मी दोन वाट्या प्यायले. त्याला मात्र एकच प्यायले म्हणून सांगितलं, नाहीतर डोक्यावर चढेल.

२४ डिसेंबर
जाऊबाईंचा पुन्हा फोन. "टेबल अजून रद्द केलेलं नाही हं. चार पावलांवर आहे यांच्या ऑफिसपासून. यांनाही पटकन येता येईल."
"वहिनी, रद्द करा."
"तू ना, हट्टी आहेस."
आहेच!

२७ डिसेंबर
उद्या जेवण. कोंबडी आणली. नवऱ्याने दारातच तिच्या पोटात हात घातला. दारावर आलेला भाजीवाला बघतच राहिला.

२८ डिसेंबर
आजचं सगळं लिहायलाच हवं, मनगट ठणकलं तरी. (ठणकतंय उजवं, लिहितंय डावं. काय संबंध, कोण जाणे.)

सकाळी सगळं रुळावर होतं. कोंबडीला लोणी चोळून झालं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. इस्पितळातली लिफ्ट अडकली, आत एक नर्स आणि स्ट्रेचरवरचा पेशंट. तो गेला. जावंच लागतं. जाताना ओव्हनला हात लावून म्हणाला, "सांभाळ." मला म्हणाला की ओव्हनला, देव जाणे.

मी एका हाताने. सासूबाई बसून वाटाणे सोलताहेत आणि खाताहेत. लेक भोपळी मिरच्या पोखरतेय, पण कोंबडीकडे पाठ करून, तत्त्व म्हणून.

आणि बेल! जाऊबाई. तासभर आधी. रेशमी साडी, केस बसवलेले आणि — एकट्या.
"भावजी?"
"काम निघालं त्यांना."
"केक?"
त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. "विसरले गं." जाऊबाई आणि केक विसरल्या! एरवी मनातून टाळ्या वाजवल्या असत्या. पण वेळ कुणाला होता? मी ॲप्रन त्यांच्या हातात कोंबला. "वहिनी, बटाटे."

बाईंना सोलता येत नाही. मुठीएवढा बटाटा त्यांच्या हातून सुपारीएवढा बाहेर पडला. मग कांदा हातात धरून विचारतात, "याला सुरुवात कुठून करायची?" लेक हसून हसून खाली बसली. मला वाटलं, आता चिडणार. पण स्वतःच हसायला लागल्या. इतक्या मोठ्याने हसतात, हे मला माहीतच नव्हतं. सासूबाईंनी त्यांचं बोट धरून सुरी शिकवली. त्या रखडत रखडत कांदा कापत गेल्या, डोळे पुसत गेल्या. कांदा संपला, तरी पुसतच होत्या. म्हटलं, जहाल होता वाटतं.

या गडबडीत कोंबडीची एक बाजू कोळसा! जाऊबाई म्हणाल्या, "काळी बाजू खाली ठेव. माणसं वरचंच बघतात." आम्ही तशीच वाढली. बटाटे इतके चिमुकले झाले की सासूबाईंना वाटाणेच वाटले. "एवढे मोठे वाटाणे कुठे मिळाले?" म्हणत मिटक्या मारत खाल्ले.

नवरा उशिरा आला. हात ग्रीसने काळे. नर्स सुखरूप, पेशंटही. त्याने उभ्यानेच सूप प्यायलं, मीठ तपासलं, मला मान डोलवून दाखवली.

जाऊबाईंनी तीनदा वाढून घेतलं. भावजींसाठी डबा भरू म्हटलं तर "नको" म्हणाल्या. सगळी भांडी घासली, कोरडी केली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. जायचं नावच नाही. शेवटी अंधारून आलं तेव्हा दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "हॉटेलात असं झालं नसतं." टोमणा की कौतुक? नवऱ्याशी पैज लागलीय.

२९ डिसेंबर
उरलेलं खाल्लं. काळी बाजूही. वाईट नव्हती.

३० डिसेंबर
दुपारी बेल. जाऊबाई. दोन बॅगा आणि साडीवर घरातला जुना स्वेटर. "घर सोडलं," म्हणाल्या. "यांचं दुसरीकडे कुणाशी तरी आहे, वर्ष झालं. हॉटेलात तुम्हा सगळ्यांच्या देखत तरी माझ्या शेजारी येऊन बसतील, म्हणून ते टेबल धरून ठेवलं होतं." मी दार धरून नुसती उभी. सासूबाईंनी मला बाजूला केलं, एक बॅग स्वतः ओढत आत नेली, आपल्या पलंगावरची शाल उचलून जागा केली.

तेवढ्यात फोन. थोरले भावजी. सासूबाईंनी उचलला. पोटच्या लेकाला म्हणाल्या, "ती जेवतेय." आणि ठेवून दिला.

जेवणं केव्हाच आटोपली होती. मी पानं मांडली.