लॉस्ट थर्मॉस इतकं हळू का वाजवतात?

थॉर्नबरी, मेलबर्न
सोमवार सकाळ, बाहेर चिरचिर पाऊस

आदरणीय डेस्मंडदाजी यांस,

नेव्हिलचा मनापासून नमस्कार. नोरीनताईला त्याहून थोडा जास्त सांगा, कारण पाकीट आधी तीच फोडणार हे मला ठाऊक आहे. आपला गुडघा आता काय म्हणतो? ताई फोनवर म्हणाली की डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आणि आपण लगेच शिडी लावून छपराची पन्हळ साफ केली. शिडी म्हणजे जिना नव्हे, हे आपलं म्हणणं बरोबर आहे, पण ते डॉक्टरांना सांगू नका. आम्ही इकडे ठीक. आमच्या सौ. कोरलची सर्दी गेली, माझ्या हर्नियाचे टाके विरघळले, आणि अकराच्या अकरा गाड्या रोज लोकांच्या अंगणात पाण्याची गळती शोधत फिरताहेत.

पत्र लिहायला कारण असं, की गेले तीन महिने माझ्या डोक्याचं पार भजं झालं आहे. ‘लॉस्ट थर्मॉस’ हा माझा आवडता बँड बंद पडायला आला होता. तो का बंद पडतोय हे मला कळेना, आणि कळलं तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं. (बँडमध्ये कोणाचाही थर्मॉस हरवलेला नाही. मी विचारलं होतं.)

आपण मला नेहमी चिडवता, की साठीला आलेला माणूस चार पोरांच्या मागे गावोगाव काय फिरतो. दाजी, मी पंधराव्या वर्षी कुदळ हातात घेतली. शाळा सुटली ती सुटलीच. मला देवाने दिलं काय, तर कान. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, की खाली तीन हातांवर पाइपातून पाणी कुठे झिरपतंय ते मी सांगतो. त्या कानांवर घर उभं राहिलं, धंदा उभा राहिला. पण चाळीस वर्षं ते कान फक्त झिरप ऐकत होते. सहा वर्षांपूर्वी एका पबचा फुटलेला नळ बघायला गेलो, तर आतल्या खोलीत ही मंडळी वाजवत होती. ऐकणारे नऊ, त्यात एक बारवाला, एक मी, आणि माझ्या हातात पाना. फर्गस नावाचा काटकुळा पोरगा गात होता आणि ब्रॉन्टी नावाची पोरगी ड्रम असा बडवत होती की माझ्या हातातला पाना थरथरला. तेव्हापासून त्रेसष्ट कार्यक्रम ऐकले. बॅलरॅट झालं, कॅसलमेन झालं, एकदा तर मेंढ्यांच्या लिलावाच्या शेडमध्येही झालं (मेंढ्या होत्या). त्रेसष्ट वेळा उभा राहिलो तो मागे, साउंडवाल्याच्या मिक्सरशेजारी, कारण खोलीतला आवाज तिथेच खरा लागतो. पुढे नाचणाऱ्यांना फक्त धक्के ऐकू येतात.

आता मुद्दा. हर्नियासाठी मी दीड महिना घरात होतो. त्या काळात कोरलने दोन गोष्टी केल्या. पहिली, मी भुलेतून अर्धवट बाहेर येत असताना दाढी काढण्यासाठी माझा होकार मिळवला. (मी ‘हो’ म्हणालो ते पाणी हवं का, या प्रश्नाला, असा माझा अजून दावा आहे.) दुसरी, माझे लॉस्ट थर्मॉसचे सगळे टीशर्ट फाटकेतुटके समजून फडक्यांच्या पेटीत टाकले. तेव्हा बरा होऊन पहिल्या रविवारी यियानाबाईंच्या पबात (तोच, फुटक्या नळाचा; मंडळी दर रविवारी तिथे वाजवते) गेलो तो तुळतुळीत दाढी करून, आणि नोरीनताईने नाताळात दिलेला कॉलरचा आकाशी शर्ट घालून. इस्त्रीचा. खिशात एक वही घेतली होती. मधल्या दीड महिन्यात कोणती नवी गाणी आली, कोणत्या क्रमाने वाजवतात, किती मिनिटं चालतात ते लिहून ठेवावं म्हटलं. सगळे खरे शौकीन लिहितात. घड्याळात बघायचं, लिहायचं, इतकंच.

दुपारचे चार वाजले, बँड चढला, आणि दाजी, आवाजच नाही! म्हणजे होता, पण शेजारच्या खोलीत कोणी चमचे आवरतंय इतपत. मला वाटलं, स्पीकरची वायर सुटली असेल. मी नापसंतीने मान हलवली. ब्रॉन्टीने माझ्याकडे बघितलं आणि जाड काठ्या ठेवून झाडूसारख्या मऊ काड्या घेतल्या. मी आणखी मान हलवली. पुढच्या रविवारी ड्रमवर टॉवेल. त्याच्या पुढच्या रविवारी फर्गसची गिटार स्पीकरला न जोडता. मी ऐकू यावं म्हणून एक पाऊल पुढे सरकलो, की ते आवाज आणखी एक पायरी खाली नेत. मी आणखी पुढे गेलो, तर फर्गस गाणं नुसतं ओठांनी म्हणू लागला. वहीत मी लिहिलं: ‘चौथं गाणं, सव्वातीन मिनिटं, बहुतेक.’

यात यियानाबाईंचं वागणं आणखी गोंधळात टाकणारं. सहा वर्षांत या बाईने मला साधी खुर्ची दिली नव्हती. आता मी आत पाऊल टाकलं की टेबल पुसलं जाई, बटाट्याच्या कापांचा वाडगा समोर येई, वर ‘आणखी काही हवं का, साहेब?’ मी म्हटलं, जुन्या चाहत्याची कदर होते आहे. डोळे भरून आले. दोन वाडगे खाल्ले.

बाकीच्या श्रोत्यांना विचारावं, तर ते आपल्यापेक्षा शहाणे. टोकदार मिशांचा एक पोरगा मला म्हणाला, “ही त्यांची नवी दिशा आहे, काका. ते शांततेकडे चाललेत.” मी म्हटलं, “बाबा, ते चाललेत, पण पोचल्यावर आपण काय ऐकायचं?” त्याने माझ्याकडे कीव करून बघितलं. पुढच्या रविवारी तो स्वतःच आला नाही. साठ होते त्यांचे चाळीस झाले, चाळिसाचे अठरा. अठरा माणसांत कोणी खोकलं तरी ते गाण्याचा भाग वाटायचं.

मग मला खरी भीती वाटली. रात्री नव्हे, भर दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या लॉनवर कांब कानाला लावलेली असताना. म्हटलं, बँड हळू वाजवत नसेलच. माझे कान गेले असतील! कांब गाडीत टाकली. कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी काचेच्या पेटीत बसवून तासभर टूंटूं ऐकवलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, “मिस्टर टॉलहर्स्ट, असे कान मी फक्त कुत्र्यांचे ऐकून आहे.” शिवाय मी त्यांना त्यांच्या मोरीतला नळ ठिबकतोय हे सांगितलं, ते वेगळं. कान शाबूत, म्हणजे बँडच बिघडला होता. आनंद मानावा की दुःख, तेही ठरेना.

आणि त्या रविवारी यियानाबाईंनी पाटी लावली: पुढचा रविवार लॉस्ट थर्मॉसचा शेवटचा. आता उरलेल्या बारा श्रोत्यांसाठी खोली उघडणं त्यांना जमणार नव्हतं, आणि फर्गस दारात कोणाला तरी सांगत होता की ही जागा सुटली की बँड मोडला, मी बहिणीकडे पर्थला जातो. हे मी वीस पावलांवरून ऐकलं. राहवलं नाही. मागच्या अंगणात ब्रॉन्टी टॉवेल वाळत घालत होती, तिथे गेलो.

मी तोंड उघडायच्या आत तीच कडाडली. “साहेब, आणखी किती हळू? आता श्वास घेणं तेवढं राहिलंय, तेही बंद करू का?”

“साहेब कोण?”

“तुम्ही! नगरपालिकेचे!”

“मी पालिकेचा? अगं बये, मी तुझा!”

हे वाक्य चुकीचं निघालं, मान्य आहे. तिने ओला टॉवेल उगारला. मी घाईघाईने सांगितलं, की कॅसलमेनला तिसऱ्या गाण्यात तुझी काठी मोडली तेव्हा स्वयंपाकघरातला लाकडी डाव घेऊन तू गाणं पुरं केलंस, तो डाव मी आणून दिला होता. टॉवेल खाली आला. तिने माझा चेहरा या कानापासून त्या कानापर्यंत न्याहाळला.

“टीशर्टवाले काका?” ती म्हणाली. “दाढी कुठाय?”

मग उलगडा झाला. मी टाके सांभाळत घरी होतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पालिकेचं पत्र आलं होतं, की आमचा माणूस कोणत्याही रविवारी साध्या वेशात येऊन आवाज मोजेल. जास्त भरला तर संगीताचा परवाना रद्द. आणि पुढच्याच रविवारी इस्त्रीच्या शर्टातला एक दाढी केलेला गृहस्थ मिक्सरशेजारी उभा राहून घड्याळ बघतो, वहीत लिहितो, मान हलवतो! दाजी, मीसुद्धा मला पालिकेचाच समजलो असतो. सहा वर्षं मला वाटत होतं ही पोरं मला ओळखतात. ती दाढीला ओळखत होती. (रागावलो नाही. पण घरी येऊन आरशात जरा बघत बसलो.)

शेवटचा म्हटलेला रविवार त्यांनी असा वाजवला की बाटल्या फळीवरून चालत काठाशी आल्या. मिशीवाला पोरगा कुठून तरी परत आला आणि म्हणाला की आता ते गोंगाटाकडे चाललेत. रस्त्यावरची माणसं आत आली. पाटी निघाली. मी रडलो, कोणाला दिसलं नाही. पण तिसऱ्या गाण्याला दारात समोरच्या अकरा नंबरच्या घरातल्या, तक्रारवाल्या थेल्मा क्विगबाई उभ्या. लोकरी स्वेटर, पायात सपाता, कपाळावर आठ्या. त्यांची नजर माझ्या वहीवर गेली.

“पालिकेचे का?” त्यांनी विचारलं.

मी ‘नाही’ म्हणणार तोच यियानाबाईंनी माझ्या पाठीत कोपर घातलं आणि म्हणाल्या, “हो हो, बोला ना, साहेब ऐकताहेत.”

मी खोटं एक अक्षर बोललो नाही. मी फक्त ऐकलं. बाईंना फुटपाथवर नेलं आणि वीस मिनिटं लिहून घेतलं: ड्रम, मग बाहेर सिगारेटी ओढणारे, मग मांजर, मग त्यांचा कॅनबेराचा मुलगा जो फोन करत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी नीट ऐकून घेतलं,” आणि शांतपणे घरी गेल्या. पुढच्या रविवारी त्या घरून खुर्ची घेऊन आल्या. काल चार शेजारी होते, आणि एकाने केक आणला होता.

असा सगळा घोळ आहे. बँड वाचला, खोली भरलेली असते. ताईला शर्टाबद्दल सांगू नका, तिला वाईट वाटेल किंवा, त्याहून वाईट, अभिमान वाटेल. गुडघ्याला जपा.

आपला,
नेव्हिल

ता. क. पालिकेचं पत्र आलं. त्यांचा माणूस लागोपाठ तीन रविवार येऊन गेला होता, नेमके ते टॉवेलांचे रविवार. अहवालात लिहिलंय, ‘संगीत चालू असल्याचे निश्चितपणे सांगता येत नाही.’ तक्रार निकाली. तो कोण होता, कोणाला पत्ता नाही. मला मिशीवाल्याचा संशय आहे.

ता. क. २. खरं काम राहिलंच. पत्र आलं तरी शेजारी यायचे थांबत नाहीत, त्यामुळे गेले तीन रविवार मी फुटपाथवर असतो आणि आत काय वाजतं ते एक अख्खं गाणंही ऐकलेलं नाही. दाजी, आपण पोर्टलंडच्या पालिकेत एकतीस वर्षं तक्रारींच्या खिडकीत बसलात. ताई म्हणते, निवृत्तीनंतर आपल्याकडे तक्रार घेऊन कोणी येत नाही म्हणून आपण छपरावर चढता. इथे खुर्ची आहे, छत्री आहे, केक आहे, जिना नाही. दर रविवारी चार ते सहा आपण बसा, म्हणजे मी आत जाईन. आपण पालिकेचे होतात, एवढं खरं ते सांगायचं. ‘होतात’ जरा हळू म्हणायचं. कोरलने मागची खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. ३. येणार असलात तर याच आठवड्यात या, पोर्टलंडहून गाडीने चार तास तर लागतात. काल बाहेर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की क्विगबाईंचं म्हणणं खोटं नाही, फुटपाथवरून ऐकलं तर ड्रम फारच मोठा लागतो. मी उठून आत गेलो आणि ब्रॉन्टीला म्हटलं, जरा हळू. ती लगेच हळू झाली.