उसातला पिंजरा

ता. संगमनेर, ९ जानेवारी २०२५

ती. आक्का,
राहीचा सलाम.

त्या सकाळी मी कबरी शेळीची धार काढली, अंगण झाडलं, चूल पेटवली आणि हंडा घेऊन हापशावर गेले. हापशाखालच्या चिखलात माझ्या तळहाताएवढा ठसा होता. शेजारच्या बन्सीभाऊंचा कुत्रा आदल्या दिवसापासून सापडत नव्हता. हंडा तिथंच टाकून मी घरात आले आणि कडी घातली. तेव्हापासून स्नेहलला शाळेत पाठवलेलं नाही. लेक-सून चाकणला कामाला, नात माझ्यावर सोपवलेली. शाळेची वाट उसातून जाते. त्या वाटेनं तिच्यासोबत जायची माझीच छाती होत नाही.

परवा वनखात्यानं बन्सीभाऊंच्या उसात पिंजरा लावला. बिबट्या यावा म्हणून आत शेळी बांधतात. तिचा कप्पा वेगळा, मध्ये जाड गज. शेळीला काही होत नाही म्हणे. पण बन्सीभाऊंना माझी कबरीच हवी. म्हणाले, वहिनी, आमच्या शेळ्या आत बसून रवंथ करत्यात. कबरीचं पिल्लू तीन आठवड्यांचं हाय, ते घरी ठिवलं की ती रातभर वरडल. वरडनारीच पायजे.

हे गेल्यापासून विचारायला घरात माणूस नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. काय करू ते लवकर कळव.
तुझी राही

अहिल्यानगर, १४ जानेवारी

चि. राही हिला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यागत हाय, पण भीती मात्र स्वच्छ वाचता आली. लहानपणी पालीला भिऊन बाजेवर चढणारी तू, बिबट्याला भिणारच. पण राही, कल्याणराव गेल्यावर ओळीवर बोट ठेवून एकटीनं वाचायला शिकलीस, तेव्हा बायबलातली आधी दानीएलाचीच गोष्ट वाचलीस ना? त्याला गुहेत टाकलं तेव्हा देवानं सिंहांची तोंडं बंद केली, ते काय नुसतं वाचायला? शेळी दे. पोरीला किती दिवस कोंडून ठेवशील? मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. माझ्या बोलण्याचा राग धरू नको.
तुझी आक्का

ता. संगमनेर, २१ जानेवारी

ती. आक्का,
सलाम. तुझं पत्र शनिवारी आलं. त्याच संध्याकाळी मी कबरीला माझ्या हातानं नेऊन पिंजऱ्यात बांधलं.

तिचं ओरडणं घरापर्यंत येत होतं. पिल्लू घरातून उत्तर द्यायचं. स्नेहल कानांवर हात ठेवून बसली होती. मग कबरीचा आवाज एकदम थांबला.

मी दानीएल उघडला. आक्का, लहानपणीच्या रविवारच्या शब्बाथशाळेपासून आपण दानीएलाकडेच बघत आलो. त्याला सिंहांच्या गुहेत टाकणाऱ्या राजाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो जेवला नाही, त्याला झोप आली नाही, आणि उजाडताच तो गुहेकडे धावला. ज्यानं आत टाकलं तोच धावला.

फटफटताच स्नेहलला आतून कडी लावायला सांगून मी बन्सीभाऊंबरोबर गेले. मी लांबूनच कबरीला हाका मारत होते. ते म्हणाले, वहिनी हळू, तो अजून उसातच असंल. पिंजऱ्याभोवती ठसेच ठसे. बिबट्या फिरून फिरून गेला होता, आत शिरला नव्हता. कबरी उभी होती, अंगावर ओरखडा नाही. पण घरी आणल्यावर ती पिल्लाला जवळ येऊ देईना. आचळं कोरडी. पिल्लाला बाटलीनं दूध पाजते आहे.

रविवारी संध्याकाळी बन्सीभाऊ तिला परत न्यायला आले. मी नाही म्हणाले. नातीचा जीव मोठा का शेळीचा, असं त्यांनी सगळ्या वस्तीसमोर विचारलं. मी एवढंच म्हणाले की राजानं दानीएलाला दुसऱ्यांदा आत टाकलं नाही. कोन राजा, म्हणाले, आणि तणतणत दुसरी शेळी बघायला गेले.

त्यांचा प्रश्न खरा आहे आणि तुझाही. बिबट्या अजून उसात आहे, भीतीही गेलेली नाही. शेळी परत दिली नाही म्हणून चिडलीस तरी माया आटू देऊ नकोस, चार ओळी धाड.

काल सोमवारी मी स्नेहलचा हात धरून उसातल्या वाटेनं तिला शाळेत नेलं, आणि शाळा सुटेपर्यंत तिथल्या ओट्यावर बसून राहिले.

राही