वरीचा एक दाणा

मिर्टो मावशीला एलेआहून बात्तोसचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काका अजून झोपेत भांडतात का? इकडे हेरादेवीच्या कृपेनं सगळे बरे आहेत, एक मी सोडून. (तू विचारलं नाहीस तरी सांगणारच आहे.)

तुला माहितीये, चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पळच काढतो. शाळा त्यापायीच सुटली. गुरुजींनी उभं केलं की मी रडायचो, शेवटी बाबांनी मासे खारवायला लावलं. मासे बिचारे काही विचारत नाहीत. पण यंदा बाबांच्या मनात आलं की पोरगं धीट व्हायला पाहिजे, म्हणून मला देवीच्या उत्सवात पोरांच्या गाण्यात घुसवलं. वरची आळी विरुद्ध खालची आळी, जिंकेल त्याला बैल, म्हणजे अख्ख्या आळीला पोटभर मांस. मी म्हटलं, पन्नास पोरांत मला कोण ऐकतंय? मागं उभं राहायचं, हळू म्हणायचं, कुणाला कळायच्या आत घरी. एवढंच मागणं होतं गं माझं.

पण मध्ये आले एखेक्लेस गुरुजी. हे आपल्या गावच्या तत्त्वज्ञ झेनोनचे शिष्य (असं तेच सांगतात), आणि आमच्या आळीची बाकी सगळी पोरं त्यांच्याकडेच शिकतात. झेनोनचं सगळं त्यांना पाठ. माणूस कुठं पोचूच शकत नाही म्हणे, कारण आधी अर्धी वाट, मग उरलेल्याची अर्धी, मग तिची अर्धी, ते संपतच नाही. (आमच्याकडे जेवायला मात्र बरोबर पोचतात. आई म्हणाली, "गुरुजी, आज अर्ध्या वाटेतच थांबायचं की, मासे दोनच आहेत." ते म्हणाले, "बाई, मी आलोच नाहीये," आणि दोन्ही खाल्ले.)

तर उत्सवाच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेत वरीचा एक दाणा खाली टाकला. आवाज आला? नाही. आणखी एक टाकला. नाही. मग म्हणाले, एका दाण्याला आवाजच नाही, तर पोतं ओतल्यावर आवाज येतो तो कुठून? पोरं डोकं धरून घरी गेली. मला हे सगळं नंतर कळलं, मी तेव्हा माशांना मीठ लावत होतो.

दुसऱ्या दिवशी आमचं गाणं बसवणाऱ्या लाम्पोन मास्तरांनी बासरीवाल्याला खूण केली, पन्नास तोंडं उघडली, आणि मावशी, बाकी कुणी गायलंच नाही! प्रत्येकानं मनाशी ठरवलेलं, आपला आवाज म्हणजे एक दाणा, नसला तर कुणाला कळतंय, घसा कशाला ताणा. मी शाळेत नव्हतो ना, मला काय माहीत! मी आपला नेहमीसारखा गायलो. देवळापासून समुद्रापर्यंत मी एकटा! त्यात आवाज फुटलेला, वर गेला की बोकड, खाली आला की बेडूक. शेजारच्याला कोपर मारलं, "अरे, गा की!" तर तो म्हणतो, "तू गातोयस ना, मग मी कशाला?"

थांबायचं कसं तेच सुचेना, म्हणून शेवटपर्यंत गायलो. खालची आळी हसून हसून लोळली. इतकी, की त्यांची पाळी आली तेव्हा एकालाही सूर धरता येईना, सगळे नुसते खिदळत होते. बैल आपल्याला मिळाला! लाम्पोन मास्तर तरी गुरुजींच्या अंगावर धावले, "काय शिकवलंत हो पोरांना?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "एका दाण्याचा आवाज झाला खरा. विचार करावा लागेल."

काकांना नमस्कार, धाकट्यांना पापे. पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

तुझा बात्तोस

ता. क. खरं काम राहिलंच. मास्तर म्हणतायत, पुढच्या उत्सवाला बात्तोस एकटाच गाणार, आणि बाबा गावभर सांगत सुटलेत. तू ताबडतोब निरोप धाड की ऑलिव्ह उतरवायला माणूस नाही, पोराला पाठवा. तू आजारी आहेस असं कळवू नकोस, आईपण निघेल बरोबर.

ता. क. दुसरं. निरोप इतक्यात नको. आत्ता मीठ आणायला गेलो तर कुंभाराची फिलिन्ना दारात उभी. म्हणाली, "तूच ना तो? मधलं कडवं परत म्हण की." मी मान खाली घालून म्हटलं. अख्खं. ऑलिव्ह यंदा काकांनाच उतरवू दे.