गिदोनाच्या घागरी आणि आपल्या

शुक्रीभावोजींना वर्दे वहिनीचे आशीर्वाद. मी कोण हे आठवत नसेल तर आधी चष्मा शोधा. तो गेल्या हंगामापासून माझ्या खिडकीत आहे, तेव्हा हे पत्र कुणाकडून वाचून घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. गुडघा कसा आहे? हैफाची दमट हवा त्याला अजून छळते का? माझं बरं आहे. मी सांगतेय आणि सून सलवा लिहितेय, कारण माझी अक्षरओळख अंगठ्यापाशीच थांबली.

तर आपल्या जैतुनाच्या बारा झाडांभोवती कुंपणाची तार पडलीय. पावसात बांध ढासळला आणि खालून फुटक्या घागरींचा ढीग निघाला. विद्यापीठातले एक प्रोफेसर आले, ब्रशानं एकेक खापर कुरवाळू लागले (इतक्या मायेनं सुनेनं माझे केस कधी विंचरले नाहीत, लिही गं, खरं आहे ते) आणि म्हणाले, पवित्र शास्त्रात गिदोनानं तीनशे माणसांकडून घागरी फोडवून मिद्यानी फौज पळवली, ती लढाई इथंच झाली. लगेच तार. जैतून काळे पडू लागलेत, या आठवड्यात उतरवले नाहीत तर वर्षाचं तेल मातीत जाईल, आणि आत शिडी न्यायला मनाई. मी त्यांना कॉफी पाजली आणि समजावलं की बाबा, पुन्हा येऊ नये असा पाहुणा निघाला की आम्ही त्याच्या पाठीमागे बांधावर घागर फोडतो. मी फोडल्या, सासूनं फोडल्या, तिच्या सासूनं फोडल्या. ते हसले. म्हणाले, "आजी, एका घरी एवढे पाहुणे येतात होय?" म्हटलं, "तू आमचे नातेवाईक पाहिले नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुसरे प्रोफेसर आले. त्यांच्या मते लढाई टेकडीपलीकडे झाली, इथं नुसता कुंभाराचा उकिरडा. घागरीचा एकच तुटका कान हातात घेऊन एक म्हणाला तीन हजार वर्षं, दुसरा म्हणाला दोन. मला तो थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या वर्षीचा वाटला. मग मीच गोंधळले आणि आपल्या पाद्रीबाबांना शास्त्र वाचायला बसवलं. तर हे मिद्यानी दरवर्षी नेमके हंगामात, उंटांवर बसून, सगळं खटलं घेऊन यायचे, तंबू ठोकायचे आणि होतं नव्हतं ते खाऊन जायचे. भावोजी, याला लढाई म्हणायचं? मला तर आपलंच घर दिसलं. गिदोनही पाहुणेच वाटेला लावत असेल. आता प्रोफेसर खरे, की मी खरी, की दोघंही, काही कळेनासं झालंय. सलवाला विचारलं तर म्हणते, मी फक्त लिहिते.

ता. क. मंगळवारी मोठे अधिकारी तार कायमची करायची की काढायची ते ठरवायला येतायत. मला साक्षीदार हवा, म्हणून तुम्ही या. एकोणचाळीस वर्षं तुम्ही दर हंगामात मुलाबाळांसकट पंधरा पंधरा दिवस राहिलात. निघताना मागे काहीतरी फुटायचं, तो निरोपाचा मान असतो असं मी सांगत आले. तसं नव्हतं. ढिगाचा वरचा थर तुमचाच आहे. तेवढं त्यांच्यापुढे सांगा.

ता. ता. क. राग मानू नका. तार निघाली तर जैतून उतरवायला हात कमी पडतील, या वेळी महिनाभर राहिलात तरी चालेल. येण्याआधी द्राक्षांची काकवी मात्र पाठवून द्या. डब्यातून नको, मातीच्या घागरीतून. घरात एकही उरलेली नाही.