तळीचा पाचवा

२४ नोव्हेंबर १९९९

सायखेडा. दम्याला कोरडी हवा हवी म्हणून डॉक्टरांनी मला मुंबईतून उचलून इथे आणून टाकलं — शिवरात्रीपर्यंत! ते स्वतः हिवाळ्यात गोव्याला जातात.

पुंजारामबाबांच्या घरची माडीवरची खोली. खिडकीतून गोदावरी. पुराणांत पापं धुते, इथे म्हशी. एस.टी.तून उतरल्यापासून दिसेल तो विचारतो, "कोन गावचे?" मुंबई म्हटलं की चेहऱ्यावर दया. लग्न केलं नाही म्हटलं की दया दुप्पट. पुढचं विचारायच्या आत मी खोकलो. भावकी नावाचा रोग मला ठाऊक नाही, आईबापांचा एकुलता एक आहे, हे यांना सांगितलं असतं तर रडलेच असते.

२७ नोव्हेंबर

चहा! पाकात थोडी पत्ती टाकतात. पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं तर थोरली सून छाया घाबरून म्हणाली, "गोड कमी झाला का हो?"

अंगणाच्या मधोमध भिंत आहे. खांद्याइतकी. अलीकडे बाबा, त्यांची बायको भागुबाई, थोरला मुलगा समाधान, त्याची ही छाया आणि त्यांचा कुंदन — कॉलेजात जातो, म्हणजे एस.टी.त बसतो. पलीकडे धाकटा मुलगा खंडेराव आणि त्याची बायको मैना. विहीर एक. वीज येते थोडा वेळ. मोटर आधी कोणी लावायची यावरून जुंपली, ती इतकी की दोघे भाऊ पाच-सहा वर्षं बोललेले नाहीत. पाणी अजूनही पुरत नाहीच. पलीकडच्या कोंबडीने इकडे येऊन अंडं घालू नये म्हणून समाधान भिंतीवर काचा बसवणार होता. बागायतदार म्हणवतात!

३ डिसेंबर

काही नाही. खोकला, थंडी, देवळाचा भोंगा. भोंग्याला दमा होत नाही.

१५ डिसेंबर

चंपाषष्ठी उरकली. माझा लोकरी स्वेटरही.

यांचा देव खंडोबा. त्याची तळी भरायची म्हणजे ताटात भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवून पाच पुरुषांनी मिळून ताट उचलायचं आणि ओरडायचं. पाचच हवेत. बाबा, समाधान, कुंदन — झाले तीन. चौथा शेजारचा मंगळू. दरवर्षीचा पाचवा यंदा मुलाकडे पुण्याला राहायला गेलेला.

"पाहुणे, चला," समाधान म्हणाला.

मी म्हटलं, माझा देवावर विश्वास नाही.

"नसू द्या. हात हायत ना?"

उचलली. "सदानंदाचा!" — "येळकोट!" हळद नाकात, डोळ्यांत, स्वेटरभर. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडूनही — "येळकोट!" तिकडेही तळी, तिकडेही माणसं उसनी! समाधानने आवाज चढवला. तिकडून खंडेरावने त्याच्या वर चढवला. एकच देव दोन बाजूंनी बहिरा करायचा चालला होता. कळस पुढेच — मंगळू इथलं ताट खाली ठेवून, खोबरं चघळत, सरळ पलीकडे निघाला. "तिकडं बी चवथा मीच हाय." त्याला कुणी काही म्हणत नाही!

भागुबाई हसल्या नाहीत. नंतर वांग्याचं भरीत वाढताना म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या दोन्ही पोरांनी एका ताटाला हात लावावा. दुसरं काय नाय मागनं." बाबांची छाती अधू आहे. ह्या वयात माणसाने साधं काहीतरी मागावं.

१ जानेवारी २०००

सहस्रक बदललं म्हणे. रात्री बाराला कॉम्प्युटर बंद पडून जग बुडेल, असा लेख संपादकांनी मागवला होता. इथे वीज काल दुपारीच गेली. काय बुडालं ते कळलं नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. भागुबाईंनी तिळगुळाची वाटी भिंतीवर ठेवली. थोड्या वेळाने मैनानेही तिकडून ठेवली. घ्यायला कुणी पुढे येईना. दोन्ही कावळ्यांनी खाल्ल्या. गावात गोड बोलायचा हक्क आता त्यांनाच.

२९ जानेवारी

कडाका. द्राक्षांना थंडी वाजू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मला वाजते तेव्हा म्हणतात, "व्हईल सवय."

बांधाच्या अलीकडे समाधानच्या शेकोट्या, पलीकडे खंडेरावच्या. वारा फिरेल तसा एकाचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत. दोघंही खोकतात, शिव्या मात्र वाऱ्याला. म्हाताराही जाऊन बसला धुरात. पोरांची बाग पाहायची होती म्हणे — दोघांची! संध्याकाळी निफाडच्या दवाखान्यात. मी माडीवर खोकतो आणि खाली कुणीच खोकत नाही. झोप येत नाही. शांततेमुळे असेल.

१० फेब्रुवारी

बाबांना घरी आणलं. निम्मा माणूस परत आला. दवाखान्यात खंडेराव गेला होता — समाधान चहाला बाहेर पडला की आत, तो आला की मागच्या दाराने बाहेर. बापाला भेटायचीही पाळी लावून घेतली, मोटरीसारखी.

१४ फेब्रुवारी

माघी पुनवेला पुन्हा तळी. बाबांना उतार पडावा म्हणून. मी धसका घेतला, स्वेटरचा. भागुबाई भाकरी घेऊन वर आल्या. दम लागला होता, तरी बोलल्याच, "पाहुणे, तुमी लय चांगले. तुमी हायत म्हून आमचं भागतं."

जेवलो. भाकरी चावताना ते वाक्यही चावत बसलो. भागतं! मी आहे म्हणून भागतं, मंगळू आहे म्हणून भागतं — आणि भागतं तोवर पलीकडे हाक कोण मारणार? आयुष्यभर लोकांच्या मूर्खपणावर लिहिलं. त्यात पाचवा म्हणून उभा राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. भिंतीची एक वीट मी. अंगात स्वेटर घातलेली.

१९ फेब्रुवारी

सकाळीच मंगळूला गाठलं. "चल नाशकाला. मिसळ, मग सिनेमा."

"आज पुनव हाय. दोन्हीकडं तळी हाय."

"दोन मिसळ."

आला. माणूस सरळ आहे. इकडे तिघेच राहतील, पलीकडेही अडेल. झक मारत हाक मारतील, असा माझा हिशोब. सिनेमा भिकार. मंगळू रडला.

दिवेलागणीला परतलो. मला वाटलं, उरकलं असेल. पाहतो तर अंगणात ताट तसंच! भंडारा तसाच. बाबा उशीला टेकून बसलेले, दुपारपासून. समाधान म्हणाला, "या. तुमी आल्याबगर कशी उचलायची?" पलीकडून खंडेरावचा आवाज — "मंग्या आला का रं?" तेही ताटकळत बसलेले! हाक मारण्यापेक्षा उपाशी राहणं यांना सोपं. असल्या लोकांवर माणसाने उपहास तरी काय लिहावा?

मंगळू गेला ताटाजवळ. आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाबांचा हात ताटाला लागलेला. आणि मी दारातूनच म्हणालो, "मला शिवू नका. सुतक आहे."

"आँ? कुनाचं?"

"भाऊ गेला. थोरला. नाशकातून फोन लावला तेव्हा कळलं." पुढचा प्रश्न ओळखून लगेच जोडलं, "अमेरिकेत होता. जाणं शक्य नाही." पन्नाशीपर्यंत नसलेला भाऊ मी एका मिनिटात जन्माला घातला, शिकवला, परदेशी पाठवला आणि मारला.

छायाने तोंडाला पदर लावला. समाधान माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच, "बोलनं हुतं का तुमचं?"

हे मी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं — "नाही."

मग समाधान उठला, भिंतीपाशी गेला.

"खंड्या! ये. एक मानूस कमी हाय."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज. खंडेराव भिंतीवरून उडी टाकून आला. फिरून दाराने येण्याएवढा धीर नव्हता बहुतेक. ताटाला हात लावला. दोघांनी मिळून बापाचा हात वर धरला. "येळकोट!" बाबा ओरडले, म्हणजे ओठ हलले.

मी लांब ओट्यावर, सुतकी. स्वेटर वाचला. मला वेगळं पान वाढलं. भरीत झकास होतं.

२४ फेब्रुवारी

भिंत आहे तिथेच. खंडेरावने मधल्या चार विटा काढल्या — दाराला नव्हे, मोटरीची तार ओढायला! दोघे त्यावरून पुन्हा भांडले. पण आता तोंडाने भांडतात. माझ्या मेलेल्या भावाबद्दल गावभर हळहळ. कालपासून तीन जणांनी विचारलं, अमेरिकेत जाळतात की पुरतात?

३ मार्च

बाबा पहाटे गेले. दोन्ही पोरांच्या हातचं पाणी घेतलं.

घाटावरून आलो. भागुबाई जवळ बसवून म्हणाल्या, "त्या दिशी तुमी खोटं बोल्ले. भाऊ गेल्याला मानूस तीन तीन भाकरी खात नसतो. आता खरं पाळा. धा दिवस."

माझी मुंबईची गाडी उद्याची होती.

संध्याकाळी मंगळूच्या बायकोने सगळ्यांना पिठलं-भाकरी आणली. माझ्याच्याने अर्धीही गेली नाही.