दरीपलीकडे जाणारी हाक

रुगारी टेकडी, १४ फेब्रुवारी २०२१

प्रिय दादा,

शांती असो. आम्ही सगळे बरे आहोत. ब्रसेल्सच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? इकडे घेवडा चांगला आला. सून सुखरूप बाळंत झाली, मुलगा आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याचं नाव काय ठेवायचं तेही तू फोनवर बजावलंस.

आधी मागच्या आठवड्यातल्या गुरुवारची सकाळ सांगतो. चूल पेटायच्या आत मी कोयता दगडावर घासला आणि दरी उतरून हाबोनिमानाच्या केळीत गेलो. बाबांना मारणारा माणूस तुरुंगातून सुटून शेजारी केळी तोडतो, हे तुला सहन होत नव्हतं. "बाबांना मारलं तेव्हा पाणथळीत लपून बघत बसलास, आता तरी पुरुष हो," असं तू म्हणालास. ते मला लागलं.

तो पाठमोरा होता. मी हाक न मारता वार केला. पातं खांद्यात हाडापर्यंत गेलं. तो गुडघ्यांवर पडला, वळला, त्याने मला ओळखलं.

"उशीर केलास, न्तिरांदेकुरा," म्हणाला. "मी रोज वाट बघायचो."

मी पुन्हा हात उचलला.

दादा, त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात कत्तल झाली तेव्हा तू शहरात होतास, आणि मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. हाबोनिमाना आणि त्याच्याबरोबरच्यांनी बाबांना अंगणात ओढलं. बाबांची पंचपणाची काठी मोडली आणि तिच्याच तुकड्याने त्यांचे दात पाडले. मग हाबोनिमानाने मानेवर कोयता चालवला. एका वारात झालं नाही. प्रत्येक वाराला तो तुझं नाव घेत होता. "बारान्यांका! 'ते माझा द्वेष करतात'! इतकी वर्षं ऐकवलंत ना आम्हाला? घे, आज खरं करून दाखवतो."

हाबोनिमानाच्या घराशी बांधावरून भांडण झालं, त्यानंतर तू जन्मलास, आणि त्यांना टोमणा म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. आई तुला जेवायला बोलवायची आणि ती हाक दरी ओलांडून त्यांच्या अंगणात पडायची, दररोज. पोरांच्या नावांनी शेजाऱ्यांशी भांडायची ही आपल्या लोकांची खोड. यात तुझा काय दोष? म्हणून गप्प राहिलो. पण बाळाला 'आम्ही विसरलो नाही' अशा अर्थाचं नाव ठेव म्हणालास, आणि आता गप्प राहवत नाही.

मी हात उचलला तेवढ्यात घरातून त्याच्या बायकोने विचारलं, "हाबोनिमाना, कोण आलंय?" देवच पाहतो, असं ते नाव. बाबाही बिगिरिमाना, सगळं देवाचं. बाबांना मारलं त्या दिवशी हाबोनिमानाला ते देवाचं नाव ऐकू आलं नाही. मला आलं. यात माझा मोठेपणा काही नाही. कोयता गळून पडला.

मग माझ्याच सदऱ्याने खांदा बांधून त्याला सायकलवरून दवाखान्यात नेलं. केळी तोडताना लागलं, असं त्याने सांगितलं. नर्स म्हणाली, "आजोबा, पाठीने तोडता का केळी?"

आपल्यात बापाचं नाव मुलाला लागत नाही, हे तिकडच्या कचेऱ्यांत तुला समजावून सांगावं लागत असेल. आपल्याकडे पिढ्यांमधून खाली येतं ते फक्त 'इमाना', म्हणजे देवाचं नाव. बहात्तरच्या कत्तलीत आजोबांना ट्रकात घालून नेलं, त्याच महिन्यात बाबांनी माझं नाव ठेवलं: 'त्याने मला सोडलेलं नाही'. हे त्यांनी कशाच्या जोरावर म्हटलं असेल? मला वाटायचं, सोडत नाही म्हणजे वाचवतो. पण आजोबा वाचले नाहीत, बाबाही नाहीत. माणसं कापली गेली, तरी देवाचं नाव पुढच्या पोरात उतरत राहिलं. आपण टाकलं तरी तो टाकत नाही, एवढंच मला कळतं.

काल बारसं केलं. हाबोनिमानाला मी स्वतः बोलावून आणलं. सुनेचा भाऊ थुंकून उठून गेला. बाकीचे बसले. एकाच मडक्यात नळ्या घालून आम्ही दोघांनी केळ्याची दारू प्यायली. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

मग बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं: न्दुविमाना, मी देवाचा आहे. आता ते बदलता येणार नाही. तू चिडशील, त्याचा हक्क तुला आहे. पण या पोराला शिवी द्यायची झाली, तरी तुला आधी देवाचं नाव घ्यावं लागेल.

तुझी वाट पाहणारा, तुझं न ऐकलेला धाकटा भाऊ,
न्तिरांदेकुरा